एक हात धरलेला

सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आलेल्या माणसाने संध्याकाळी काय करावे, याविषयी आमच्या परिचितांत फारसा मतभेद नाही. कोणी म्हणतो फिरावयास जावे, कोणी म्हणतो ज्ञानेश्वरी उघडावी, आणि कोणी म्हणतो की रक्तातील साखर व पेन्शनचा हिशेब या दोन विषयांवर तासभर सहज निघतो. या तिन्ही सूचनांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु खरे सांगावयाचे तर गेले काही महिने आमच्या संध्याकाळी एका लहानशा तांबड्या यंत्रमानवाच्या संगतीत जात आहेत. तो संगणकाच्या पडद्यावर असतो, आम्ही समोर खुर्चीत असतो, आणि आम्हां दोघांनाही नीट चालता येत नाही. त्याच्या बाबतीत कारण त्याची घडण. आमच्या बाबतीत गुडघे.

त्याची आमची ओळख २०१५ सालची. सरकारी हिशेब तपासण्याच्या नोकरीत ग्वाल्हेर झाले, भुवनेश्वर झाले, आणि त्या सुमारास आम्ही शिलाँगला येऊन पडलो होतो. चिरंजीव अकरा वर्षांचे होते. तीन गावांत तीन शाळा आणि प्रत्येक शाळेत नवी भाषा, यामुळे त्यांना मित्र जोडण्यापेक्षा सोडण्याची सवय अधिक झाली होती. याची भरपाई म्हणून की काय, त्यांच्या मामाने त्यांना एक खेळ भेट दिला. खेळाचे नाव 'ग्रो होम'. इंग्रजीत 'गो होम' म्हणजे घरी जा. त्यात एक 'र' खुपसून कोणा कल्पक माणसाने 'वाढत वाढत घरी जा' असा अर्थ निर्माण केला होता. नावावरूनच आमचे लक्ष वेधले गेले, हे कबूल करतो. बदलीच्या नोकरीतील माणसास 'घरी जा' हे दोन शब्द कोठेही दिसोत, तो क्षणभर थांबतोच.

खेळाची कथा अगदी थोडी आहे. 'बड' नावाचा एक छोटा यंत्रमानव आहे. बड म्हणजे कळी. शिवाय ते त्याच्या लांबलचक हुद्द्याचे संक्षिप्त रूपही आहे, जशी आपल्याकडे हुद्द्यांची असतात. त्याच्या ग्रहावर प्राणवायूची टंचाई आहे. ती दूर करील अशी वनस्पती शोधण्यासाठी त्याला एका परक्या ग्रहावर उतरविले आहे. वर आकाशात त्याचे यान थांबलेले आहे, आणि त्या यानाचे नाव आहे 'मॉम', म्हणजे आई. खाली समुद्रकाठी एक प्रचंड वेल उगवलेला आहे. तो वाढवीत वाढवीत बडने यानापर्यंत न्यावयाचा. वेलाच्या अंगाला धुमारे फुटलेले असतात. बड एखाद्या धुमाऱ्याला मिठी मारतो, आणि तो धुमारा त्याला घेऊन घोड्यासारखा उधळतो. त्याला वळवून वळवून हवेत तरंगणाऱ्या, हिरव्या तेजाच्या खडकांत नेऊन खुपसावयाचे. खडकातील सत्त्व मिळाले की मूळ वेल आणखी वर चढतो. अशी चढण सुमारे २००० मीटरांची आहे. शिलाँगची उंची सुमारे १५०० मीटर, तेव्हा बडचे काम आमच्या बदलीपेक्षा काही कमी चढणीचे नव्हते.

चिरंजीव खेळत आणि आम्ही वर्तमानपत्राच्या आडून पाहत असू. प्रथम आमचे लक्ष गेले ते बडच्या चालीकडे. नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल जसे कधी डावीकडे, कधी उजवीकडे झोकांड्या देत पुढे जाते, तसा तो चालतो. उतारावर त्याला थांबता येत नाही. दगड लागला की तो अडखळतो, आणि मग दोन्ही हात पसरून तोल सावरतो. चित्रपटांतील बाहुल्यांच्या हालचाली आधीच काढून ठेवलेल्या असतात. या यंत्रमानवाचे पाऊल मात्र आधी कोणी काढून ठेवलेले नसते. पायाखाली जमीन कशी आहे हे पाहून त्या त्या क्षणी गणित मांडले जाते आणि त्यातून पाऊल निघते. आम्हांला ही गोष्ट फार आवडली. नव्या गावी बदलून गेलेला माणूस पहिले सहा महिने असाच चालतो.

हा खेळ इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसल येथे तयार झाला. ज्या कारखान्यात तो झाला, तो मोटारींच्या पाठलागांच्या खेळांबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील सात-आठ जणांनी एक प्रयोग म्हणून हे झाड आणि हा यंत्रमानव केला. तो कंपनीतल्या कंपनीत हातोहात फिरला, लोकांना आवडला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत बाहेर विक्रीस आला. मोटारी धडकविण्यात हयात घालविलेल्या माणसांना एकदम एक झाड वाढवावेसे वाटले, याचे आम्हांला त्या वेळी नवल वाटले होते. आता वाटत नाही. आमच्या कार्यालयात जन्मभर आक्षेप काढणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर गुलाबांची कलमे करू लागल्याचे आम्ही पाहिले आहे.

परंतु या खेळाचा खरा जीव चालण्यात नाही, चढण्यात आहे. हातात धरावयाच्या यंत्राला दोन बाजूंना दोन खटके असतात. डावा खटका म्हणजे बडचा डावा हात, उजवा खटका म्हणजे उजवा हात. खटका दाबून धरला की तो हात पकडतो. सोडला की सुटतो. म्हणजे चढावयाचे तर डाव्या हाताने घट्ट धरावे, उजवा सोडून वर न्यावा, तेथे पकडावे, आणि मगच डावा सोडावा. दोन्ही एकदम सोडले की संपले. कड्याच्या दगडात, वेलाच्या सालीत, पानाच्या कडेला, कोठेही धरता येते. पण एक हात सदैव धरलेला पाहिजे. अर्धा तास चढले की आपली स्वतःची बोटे दुखू लागतात. दुसऱ्या कोणत्याही खेळात पडद्यावरील माणसाचे श्रम आमच्या बोटांपर्यंत असे आलेले नाहीत. अर्थात आमचा या क्षेत्रातील अनुभव तोटका आहे, हेही सांगून टाकलेले बरे.

त्याच वर्षी चैत्रात आमची आई वाईहून शिलाँगला आली. वडील जाऊन वर्ष झाले होते. कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर आमचे जुने घर आहे: खाली सोपा, वर माडी, मागे परसात आड. ते सोडून ती कोठे राहावयास तयार नसे. "बघून येते चार महिने," असे म्हणून आली, आणि आली ती थेट पावसाळ्याच्या तोंडी. शिलाँगचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. घराबाहेर पडणे बंद, शेजाऱ्यांची भाषा अपरिचित, देवळे लांब. दुपारी वीज गेली नसली म्हणजे आई नातवाच्या मागे वेताच्या खुर्चीत बसे आणि वाती वळता वळता पडद्याकडे पाही.

"कोण रे हा?" तिने पहिल्याच दिवशी विचारले.

"आजी, हा रोबो आहे. आणि वर ते त्याचं यान. त्याचं नाव मॉम."

"म्हणजे आई वर आणि लेकरू खाली?"

"हो."

"मग तिनं त्याला खाली सोडलंच कशाला?"

चिरंजीवांनी प्राणवायू वगैरे सांगितले. तिने ऐकून घेतले; पण तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. तथापि त्या दिवसापासून तिने खेळाचा ताबा घेतला. त्या मोठ्या वेलाला तिने चांदणवेल हे नाव दिले. बड कड्यावर लोंबकळत असला की तिच्या हातातील वात थांबे. "एक हात धर रे, एक हात धर," असे ती पुटपुटे. तो पडला म्हणजे तिचा जीव हळहळे. पडणे या खेळात काही मोठे संकट नाही. पडून चक्काचूर झाला तरी जवळच्या ठाण्यावर तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो. शिवाय वाटेत मोठे डेझीचे फूल मिळाले तर ते छत्रीसारखे डोक्यावर धरून सावकाश खाली येता येते, आणि पान मिळाले तर त्यावर तरंगता येते. आईला ती फुलाची छत्री फार पसंत पडली. शिलाँगच्या पावसात आमच्या दोन छत्र्या तोवर मोडल्या होत्या.

आम्ही कचेरीतून आलो की चहाबरोबर तिचा पहिला प्रश्न नातवाला असे, "कुठवर आला रे तो?" मीटर तिला कळत नसत. म्हणून चिरंजीवांनी वाईच्या मापाने सांगावयास प्रारंभ केला. आज ढोल्या गणपतीच्या कळसाएवढा आला. आज पांडवगडाएवढा आला. पसरणीचा घाट चढला. नकाशात ही मापे चुकीची होती, हे आम्हांला समजत होते. हिशेब तपासणाऱ्याचा धर्म म्हणून आम्ही एकदा तोंडही उघडले. सौभाग्यवतींनी डोळ्यांनी दटावले, आणि तो आक्षेप आम्ही मागे घेतला.

या जातीच्या खेळांना इंग्रजीत 'प्लॅटफॉर्मर' म्हणतात. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर उडी मारीत जावयाचे, असा त्यातील प्रकार. १९८१ साली जपानातील निंतेंदो कंपनीने 'डाँकी काँग' नावाचा खेळ काढला. त्यात एक मिशीवाला सुतार शिड्या चढत आणि पिंपे चुकवीत वर जाई. तेव्हापासून ही जात फोफावली. आम्ही हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा आमच्यापुढे मात्र निराळेच फलाट उभे राहिले: इटारसी, खडगपूर, गुवाहाटी, रात्री दोनची गाडी, ट्रंकेवर निजलेला मुलगा, आणि पाट्या वाचून आपण कोठे आहोत हे ताडणारे आम्ही. प्रवासी मराठी अधिकाऱ्यास हा खेळ नव्याने शिकविण्याची गरज नाही.

'रोबो' या शब्दाचीही एक गंमत आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो त्यांच्या चित्रकार भावाने, योसेफने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ, म्हणजे धन्यासाठी सक्तीने करावयाचे काम. यंत्रमानव असा भारदस्त शब्द आपण केला. पण मुळात तो बिचारा वेठबिगार. हे आम्ही एकदा रात्रीच्या जेवणात सांगितले, तेव्हा आईने आमच्या ताटात भात वाढीत म्हटले, "म्हणजे तुझ्यासारखाच की."

पाऊस थोडा उघडला तेव्हा एका रविवारी आम्ही सर्वजण मॉलिनाँगच्या बाजूस गेलो होतो. तेथून जवळच रिवाई गावी ओढ्यावर एक पूल आहे. तो कोणी बांधलेला नाही, वाढविलेला आहे. काठावरील रबराच्या झाडाची मुळे खासी लोक सुपारीच्या पोकळ खोडांतून किंवा बांबूवरून पलीकडच्या काठाकडे वळवितात, तेथे मातीत रुजवितात, आणि मग वाट पाहतात. माणसाचे वजन पेलण्याइतका पूल तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. मात्र पुढे पिढ्यान् पिढ्या तो अधिकाधिक बळकट होत जातो. दगडी पायऱ्या उतरून आई त्या पुलापाशी आली, एका मुळावर तिने तळहात ठेवला आणि नातवाला म्हणाली, "हा तुझा चांदणवेल." मग तिने चौकशी केली की ज्याने हे मूळ पहिल्यांदा वळविले, तो स्वतः या पुलावरून गेला असेल का? आमचा वाटाड्या तरुण होता. तो हसून म्हणाला की कधी गेला असेल, कधी नसेल. आईने मान हलविली. आमच्या आजोबांनी वाईच्या परसात लावलेला फणस त्यांच्या हयातीत एकदाही फळला नव्हता, हे तिला आठवले असावे. परतताना तिने तो विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

श्रावणाच्या आरंभी एके दिवशी संध्याकाळी बड वर पोहोचला. खाली समुद्र निळ्या चकतीएवढा दिसत होता, आकाश काळे झाले होते, आणि चांदणवेलाचे टोक यानापाशी येऊन ठेपले होते. आम्ही सर्वजण उभे होतो. चिरंजीवांनी शेवटची पकड घेतली, बड आत गेला, आणि आईने हात जोडले. तेवढ्यात पडद्यावर मजकूर उमटला. वेलाला आता फूल आले आहे, त्याच्या बिया खाली विखुरल्या आहेत. आठ बिया गोळा करून आणाव्यात, असा यानाचा नवा आदेश होता.

"म्हणजे पोचला तरी परत खाली धाडला?" आई म्हणाली. "सरकारी नोकरी दिसते."

आम्ही त्या वेळी मोठ्याने हसलो. पुढच्याच महिन्यात ती वाईला परत गेली. तिला पोहोचवावयास सौभाग्यवती गेल्या. आम्हांला रजा मिळाली नाही, किंवा अधिक प्रामाणिकपणे बोलावयाचे तर, आम्ही मागितली नाही. वर्षअखेरीची तपासणी तोंडावर होती. गुवाहाटीच्या स्टेशनावर गाडी सुटताना तिने खिडकीच्या गजाला एका हाताने धरले होते आणि दुसरा हात हलवीत होती.

या खेळाचा दुसरा भाग २०१६ साली आला. त्याचे नाव 'ग्रो अप', म्हणजे मोठा हो. चिरंजीवांनी तो मोठ्या उत्साहाने आणविला, दोन दिवस खेळला आणि बाजूस ठेवला. कारण विचारले तर म्हणाला, "आजी नाही ना बघायला." आम्हीही फारसे लक्ष दिले नाही. या भागात यान फुटते. मॉमचे तुकडे होऊन सगळ्या ग्रहावर विखुरतात: काही डोंगरावर, काही तरंगत्या बेटांवर. आणि बडने ते एकेक शोधून गोळा करावयाचे, म्हणजे आई पुन्हा उभी राहील. पहिल्या भागात आई वर, सुरक्षित, हुकूम सोडीत बसलेली. दुसऱ्यात तीच विखुरलेली आणि लेकरू तिच्यामागे हिंडणारे. एवढा फरक एका वर्षात कसा पडतो, असे कोणी विचारील. आम्ही विचारणार नाही.

आईच्या विस्मरणास २०१८ च्या सुमारास सुरुवात झाली. आधी चष्मा, मग दूधवाल्याचे पैसे, मग नावे. आमची चुलत बहीण व तिचे यजमान वाईच्या घरीच राहावयास आले, म्हणून निभावले. आमची बदली रांचीला झाली. स्वगृही नेमणूक मागण्याचा अर्ज आम्ही दोनदा लिहिला आणि दोनदा खणात ठेवला. एकदा बढती जवळ होती. एकदा चिरंजीवांची बारावी. दोन्ही कारणे खरी होती. कारणे खरी असणे हीच या प्रकरणातील अडचण आहे. खोट्या कारणांवर आक्षेप काढता येतो.

२०२३ च्या ऑगस्टात आम्ही रजेवर वाईला होतो. २३ तारखेस संध्याकाळी चांद्रयान-३ चे विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा सोप्यात सगळी आळी जमली होती. आई खुर्चीत होती. पण तिला त्याचे काही वाटलेसे दिसले नाही. दोन-तीन दिवसांनी दूरदर्शनवर एक दृश्य दाखविले. उतरणीवरून सहा चाकांची एक छोटी गाडी हळूहळू चंद्राच्या मातीवर येत होती. तेच प्रज्ञान, अवघे २६ किलो वजनाचे. आई एकाएकी पुढे झुकली.

"अरे, हा तो," ती म्हणाली. "एक हात धर म्हणावं."

आम्ही थक्क झालो. त्या आठवड्यात तिने आम्हांला दोनदा आमच्या थोरल्या मामांच्या नावाने हाक मारली होती.

"परत कसा येणार हा?" तिने विचारले.

तो परत यावयाचा नाही, असे आम्ही सांगितले. चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस, त्याचे काम. मग रात्र पडली की तेथील थंडीत तो निजेल, आणि जागा झाला तर झाला.

"त्याला सांगितलंय का हे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सुचले नाही. प्रज्ञान शंभर मीटरांहून थोडे अधिक चालले, सप्टेंबरच्या आरंभी त्याला निजविण्यात आले, आणि २२ सप्टेंबरला पुन्हा ऊन आल्यावर हाका मारूनही ते जागे झाले नाही. ती बातमी आम्ही रांचीला वाचली. वाईला कळविण्याचे कारण नव्हते. आईला विचारल्याचेही आठवत नव्हते.

चिरंजीव शिक्षणासाठी बंगळूरला गेले तेव्हा जुना संगणक आमच्या वाट्याला आला. त्यात तो दुसरा भाग तसाच अर्धवट पडलेला होता. सौभाग्यवती हल्ली बहुतेक वाईलाच असतात. घरात आम्ही एकटे. एके दिवशी सहज खटके हातात घेतले, आणि तेव्हापासून हा नाद लागला. आमच्या हातून बड पुष्कळ पडतो. मॉमचा एखादा तुकडा डोळ्यांसमोर दिसत असतो, आणि बोटे ऐन वेळी दोन्ही एकदम सुटतात. या भागात बडला ग्रहावरील झाडे पारखून त्यांचे बी जवळ ठेवता येते आणि हवे तेथे उगवता येते. एखादे पान उसळी देते, एखादे झाड शिडीसारखे उंच होते. त्यांच्या आधाराने आम्ही कसेबसे वर जातो. कोणता भाग कोठे सापडला हे एका वहीत टिपून ठेवतो. ही सवय व्यवसायाची.

त्याच वहीत मागच्या पानापासून दुसरी एक नोंद आहे. रोज संध्याकाळी सात वाजता वाईला दूरध्वनी करतो. आई कधी बोलते, कधी नुसती ऐकते. एखादे दिवशी एकदम एखादी गोष्ट तिच्या तोंडून निघते. परसातील आड खणताना सतरा हातांवर पाणी लागले. तिच्या माहेरच्या गायीचे नाव हरणी. आमच्या बारशाला नदीला पूर आला होता आणि आत्याबाई पलीकडेच अडकल्या. यातील निम्म्या गोष्टी आम्ही पूर्वी कधी ऐकलेल्या नव्हत्या. ऐकल्या की तारीख घालून लिहून घेतो. खरेखोटे ताडण्यास आता दुसरे कोणी उरलेले नाही.

चिरंजीव मधूनमधून विचारतात, "बाबा, मॉमचे किती भाग राहिले?" थोडेच राहिले आहेत. ते आम्ही गेल्या पंधरवड्यात शोधावयास गेलेलो नाही. बड एका कड्यावर एका हाताने धरून लोंबकळत असतो, आणि आम्ही संगणक बंद करतो. चिरंजीव म्हणतात की दुसऱ्या दिवशी उघडल्यावर तो तेथे नसतो, जवळच्या ठाण्यावर असतो. असेल.

आईचा सध्या एक समज झाला आहे. आम्ही निघालो आहोत, गाडीत आहोत, असे तिला वाटते. दूरध्वनी कानाला लावला की तिचा पहिला प्रश्न तोच, जुना, चहाच्या वेळचा, "कुठवर आलास रे?"

पहिल्या दिवशी आम्ही खरे सांगितले. रांचीलाच आहे, म्हटले. ती इतका वेळ गप्प राहिली की बहिणीने फोन हातात घेतला. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तेव्हा आमच्या तोंडून राउरकेला निघून गेले. तिला बरे वाटले. "जेवलास का?" असे तिने विचारले. मग बिलासपूर झाले. रायपूर झाले. गोंदियाला गाडी फार वेळ थांबली आहे, असे सांगून आम्ही तेथे चार दिवस काढले. नागपूरला संत्री घे, असे ती म्हणाली. वर्धा, भुसावळ. एकच गाव दोनदा सांगितले तर तिच्या ध्यानात येत नाही, असे बहीण म्हणते. पण आम्हांला खात्री वाटत नाही. गोंदियाच्या चौथ्या दिवशी ती म्हणाली होती, "बराच वेळ झाला रे तिथं."

काल आम्ही मनमाड सांगितले. तेथून दौंड, मग पुणे, आणि पुण्याहून वाईची एस. टी. दर तासाला असते, हे तिला अजून पाठ आहे. आज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी खणातून तो अर्ज काढला. कागद कडेने पिवळा झाला आहे आणि तारखेच्या जागी जुने साल आहे. तेवढे खोडून दुरुस्त करावे, की सबंध नवा लिहावा, याचा विचार करीत आहोत. सात वाजावयास अजून अवकाश आहे.